देशोदेशीच्या बिअर शेजारी-शेजारी ठेवून चाखायच्या तर (नाशिक)

गंगापूररोडकर

उन्हाळा लागला की 'जर्मन भारी की बेल्जियन' हा वाद निघतो आणि दहाव्या प्रतिसादापर्यंत आपल्याकडच्या स्ट्राँग बिअरला नावं ठेवण्यावर येऊन थांबतो. इथे ते नको. घरच्या घरी चार जणांत सहा बिअर समोरासमोर कशा चाखायच्या तेवढंच बोलू. जाणकारांनी भर घालावी, चुकलं तिथे कान धरावा.

माझं मत आधीच सांगून टाकतो. नाशकात आपल्या ग्लासात जी चव येते त्यात देशाचा वाटा थोडा, आणि ती बाटली किती दिवस, कुठल्या उन्हात, कुठल्या उजेडात उभी होती याचा मोठा. तो हिशेब धरला नाही तर सगळी तुलना फुकट.

दुसरं म्हणजे जात एक असेल तरच तुलना. पिल्सनरची (फिकट, कडवट बिअर) तुलना पिल्सनरशी, गव्हाच्या बिअरची गव्हाच्या बिअरशी. काळी गिनेस आणि फिकट कोरोना यांत 'चांगली कुठली' हा प्रश्नच लागू होत नाही.

यादी याच क्रमाने सुचवतो, मिळेल तशी बदला:
आसाही सुपर ड्राय (जपान, ५ टक्के अल्कोहोल), होगार्डन (बेल्जियम, ४.९), वाइहेनस्टेफानर हेफेवाइसबिअर (जर्मनी, ५.४), पिल्सनर उर्केल (चेक, ४.४), गिनेस ड्राफ्टचा टिन (आयर्लंड, ४.२), शेवटी शिमे ब्लू (बेल्जियम, ९).

माणशी प्रत्येकी ८० मिली. म्हणजे ३३० ची एक पिंट चौघांना पुरते. सहा मिळून ४८० मिली होतात आणि त्यात शुद्ध अल्कोहोल साधारण २६ मिली. ८ टक्क्यांच्या एका ६५० मिली स्ट्राँग बाटलीत ५२ मिली असतं, त्याच्या निम्मं. जीभ शेवटपर्यंत जागी राहते ती यामुळे. तरी गाडीची किल्ली घरातच ठेवा आणि पिण्याचं परमिट काढलेलं असू द्या.

फेसाळ

यादी छान. पण निम्म्या तुलना ग्लासातच मरतात, त्याबद्दल आधी.

काचेवर तुपाचा, दुधाचा किंवा भांड्यांच्या साबणाचा अगदी पातळ थर असला तरी फेस बसतो. फेस बसला की वास उडून जातो. मग 'ही जर्मन बिअर फ्लॅट आहे' असा निकाल लागतो आणि बिचारी बिअर निर्दोष असते. ग्लास ताकाच्या ग्लासांबरोबर घासू नका, वेगळ्या स्पंजने घासा. गरम पाण्याने दोनदा खळबळा आणि फडक्याने न पुसता उपडे ठेवून वाळवा. फडक्याचे धागे आणि तेल दोन्ही काचेला लागतात. अंबड-सातपूरकडे बोअरचं पाणी असेल तर शेवटचं खळबळणं फिल्टरच्या पाण्याने करा, नाहीतर वाळल्यावर पांढरे डाग राहतात.

तपासायचं असं: ओल्या ग्लासाच्या आतून चिमूटभर मीठ भुरभुरवा. मीठ सगळीकडे सारखं चिकटलं तर ग्लास साफ. जिथे चिकटत नाही तिथे तेल आहे. दुसरी खूण बिअर ओतल्यावर दिसते. ग्लासाच्या भिंतीला बुडबुडे चिकटून बसले तर तिथे घाण आहे. साफ ग्लासात ते मधूनच वर येतात आणि प्रत्येक घोटागणिक फेसाची एक कडी काचेवर मागे राहते.

८० मिलीसाठी मोठे मग नकोत. वायनरीतून आणलेले, तोंडाशी निमुळते ग्लास इथे बऱ्याच घरांत असतात, तेच वापरा. सगळे एकाच मापाचे. आणि ग्लास फ्रीजरमध्ये ठेवू नका! आतल्या बर्फाच्या कणांवर फेस उसळतो, वर बिअर पातळही होते.

सिडको_वासी

कोरोनाला आणि हिरव्या बाटलीतल्या बिअरला कधी कधी सडक्या कांद्यासारखा, जळक्या रबरासारखा वास येतो. युरोपची बिअर अशीच असते असं एक जण ठासून सांगतो. खरं का?

जवस_नव्हे_जव

@सिडको_वासी, नाही. त्याला उजेड लागलेली बिअर म्हणतात आणि तो दोष आहे, शैली नव्हे.

हॉप्सचा (बिअरमध्ये घालतात ती कडवट फुलं) कडवटपणा ज्या आयसो-अल्फा आम्लांमुळे येतो, ती साधारण ३५० ते ५०० नॅनोमीटरच्या प्रकाशात तुटतात. बिअरमधलं रायबोफ्लेव्हिन हे जीवनसत्त्व त्याला मदत करतं. त्यातून एक गंधकयुक्त संयुग बनतं, ते इतकं उग्र की अगदी नगण्य प्रमाणातही नाकाला कळतं. तपकिरी काच हा प्रकाश जवळजवळ सगळा अडवते, हिरवी थोडाच, पारदर्शक अजिबात नाही. कडक उन्हात पारदर्शक बाटलीला काही मिनिटं पुरतात. दुकानातल्या काचेच्या फ्रीजमधली पांढरी ट्यूबलाइट दिवसरात्र तेच काम सावकाश करते.

म्हणून बिअर शॉपीत दर्शनी रांगेतली बाटली घेऊ नका, मागची मागा. बंद खोक्यातली मिळाली तर उत्तम. टिन असेल तर प्रश्नच मिटला. कोरोनात लिंबू पिळलं की तो वास झाकला जातो हे खरं, पण तुलना करताना लिंबू नको. त्यातलं तेल फेस मारतं.

प्रयोग करायचा तर एकाच खोक्यातल्या दोन हिरव्या बाटल्या घ्या. एक कागदात गुंडाळून ठेवा, एक गच्चीवर अर्धा तास उन्हात. दोन्ही सारख्याच गार करून शेजारी-शेजारी हुंगा. पुन्हा कधी विचारावं लागणार नाही.

निफाडचा_गारवा

उजेडाचं झालं, आता उष्णतेचं. बिअरच्या धंद्यात ३-३०-३०० असा एक ठोकताळा आहे. ३२ अंशांत ३ दिवस, २२ अंशांत ३० दिवस आणि ३-४ अंशांत ३०० दिवस ठेवलेली बिअर सारखीच शिळी होते. ठोकताळाच आहे, काट्यावर तोलू नका. पण एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा ४० ला टेकतो आणि पत्र्याच्या शेडखाली खोकी रचलेली असतात, तेव्हा काय होतं ते यावरून समजा. न्हावा शेवा बंदरात उतरलेला कंटेनर, मग गोदाम, मग टेम्पो. बाटलीचा उन्हाळा नाशकात यायच्या आधीच सुरू झालेला असतो.

शिळेपणाची चव ओल्या पुठ्ठ्यासारखी. सोबत हॉप्सचा ताजा वास गेलेला आणि मधासारखी एक बोथट गोडी आलेली. फिकट लागरमध्ये (थंडाव्यात सावकाश आंबवलेली, नेहमीची पिवळी बिअर) हे लगेच उघडं पडतं. शिमेसारख्या काळसर, जड, बाटलीत यीस्ट असलेल्या बिअरला थोडं वय चालतं, उलट काहींना शोभतं.

तारीख वाचायला शिका. आपल्याकडे भरलेल्या बाटलीवर उत्पादनाची तारीख असते. आयात बाटलीवर बहुधा 'यापूर्वी वापरा' अशी तारीख असते. युरोपच्या लागरना ती बहुतेक वर्षाची मुदत धरून देतात, त्यामुळे बारा महिने मागे मोजा म्हणजे भरल्याचा अंदाज येतो. बेल्जियन जड बिअरवर कित्येक वर्षं पुढची तारीख असते, ती पाहून 'ताजी आहे' असं समजू नका. अमेरिकन टिनवर महिना आधी आणि दिवस नंतर असतो, ०४/०५ ला हमखास घोटाळा होतो.

गंगापूररोडकर

@निफाडचा_गारवा, हाच तो मुद्दा. मग वाळूजच्या पट्ट्यात भरलेली आणि महिन्याभरात इथे आलेली साधी लागर, आठ महिने फिरलेल्या आयात लागरपेक्षा सरस लागू शकते, नाही का?

निफाडचा_गारवा

लागतेच. हायनेकेन, कार्ल्सबर्ग, बडवायझर ही नावं परदेशी असली तरी भारतात विकली जाणारी बाटली बहुधा भारतातच बनलेली असते. लेबलावर 'निर्माता' कुठला आणि 'आयातदार' असा शब्द आहे का ते पाहा. आयातदाराचं स्टिकर नसेल तर ती इथलीच. यात कमीपणा काही नाही, ताजेपणात ती पुढे असते. फक्त 'डच बिअर चाखली' असं म्हणू नका.

चौकस

ग्लिसरीनचं काय? भारतीय बिअरमध्ये ग्लिसरीन घालतात म्हणून बाटली उलटी करून पाण्याच्या ग्लासात धरतात. खाली तेलकट रेघा उतरताना दिसतात. आयात बिअरमध्ये ते नसतं म्हणे.

जवस_नव्हे_जव

आलं का ते, मी वाटच बघत होतो.

खाली उतरतं ती बिअर. यीस्टने न खाल्लेली साखर आणि डेक्स्ट्रिन (पिठापासून आलेला, न आंबणारा भाग) तिच्यात शिल्लक असतात, म्हणून ती पाण्यापेक्षा जराशी जड असते. नेहमीच्या लागरची घनता १.००८ ते १.०१२ च्या आसपास (पाण्याची १). बाटलीचं तोंड पाण्यात बुडवलं की जड बिअर खाली सरकते आणि तितकंच पाणी वर बाटलीत जातं. दोन्हींत प्रकाश वेगवेगळा वळतो म्हणून त्या रेघा तेलकट दिसतात. साखरेच्या पाण्याची बाटली अशीच उलटी धरून पाहा, तशाच रेघा दिसतील. जर्मन बिअरची धरा, तशाच दिसतील.

म्हणजे 'ग्लिसरीन काढलं' म्हणून जी हलकी लागते ती पाणी मिसळलेली आणि गॅस गेलेली बिअर. अल्पसं ग्लिसरॉल यीस्ट स्वतःच बनवतं, जगातल्या सगळ्या बिअर-वाइनमध्ये. ते विरघळलेलं असतं, बुचाशी गोळा होऊन बसत नाही.

स्ट्राँग प्यायल्यावर डोकं धरतं त्याचा दोष ग्लिसरीनला देण्याआधी वर मांडलेला ५२ मिलीचा हिशेब पुन्हा वाचा.

तांब्याची_कढई

देशादेशांत फरक का पडतो यावर कुणी लिहिलं नाही, म्हणून जरा लांबण लावतो.

पहिलं पाणी. चेक देशातल्या पिल्झेन गावाचं पाणी कमालीचं मऊ, क्षार जवळजवळ नाहीत. अशा पाण्यात भरपूर हॉप्स घातले तरी कडवटपणा घशाला ओरबाडत नाही. १८३८ मध्ये तिथल्या लोकांनी खराब बिअरची ३६ पिंपं चौकात ओतून दिली, नवी ब्रुअरी बांधली आणि जर्मनीकडच्या बव्हेरियातून योसेफ ग्रोल नावाचा ब्रुअर आणला. त्याची पहिली फिकट सोनेरी लागर १८४२ ची, तीच आजची पिल्सनर उर्केल. आज जगात खपणाऱ्या बहुतेक पिवळ्या बिअर तिच्याच वंशातल्या. याउलट डब्लिनचं पाणी बायकार्बोनेटने जड. त्यात फिकट माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) नीट जमत नाही, पण भाजलेल्या जवाच्या आंबटपणाने ते सावरलं जातं. काळी बिअर तिथे रुजली त्याला हे एक कारण. इंग्लंडात बर्टनच्या पाण्यात सल्फेट भरपूर, त्याने हॉप्स कोरडे आणि टोकदार लागतात.

दुसरं माल्ट शिजवण्याची पद्धत. उर्केलवाले अजून मिश्रणाचा एक भाग बाजूला काढून उकळतात आणि परत मिसळतात, असं तीनदा. त्या उकळण्याने पावाच्या भाजक्या कडेची चव येते. बहुतेक कारखाने वेळ आणि इंधन वाचवायला हे करत नाहीत. आसाही सुपर ड्राय (१९८७ पासून) नेमकी उलट दिशेने गेली. तिच्यात तांदूळ-मका आहे, साखर जवळजवळ संपेपर्यंत आंबवतात, म्हणून घोट संपताक्षणी चवही संपते. कुणाला ते पाणचट वाटतं, पण ठरवून केलेलं आहे.

तिसरं यीस्ट, आणि खरी गंमत इथे. हेफेवाइसबिअरमध्ये केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. केळं नाही, लवंग नाही, दोन्ही यीस्टची करणी. केळ्याचा आयसोअमाइल अॅसिटेट, लवंगेचा ४-व्हिनाइल ग्वायकॉल. हीच लवंग लागरमध्ये आली तर जंतू शिरले म्हणून पिंप ओतून देतात! लोण्याचा वास, म्हणजे डायअसिटिल, चेक लागरमध्ये किंचित चालतो, जर्मन पिल्समध्ये दोष. तेव्हा 'वास वेगळा आला' एवढ्यावर बिअर वाईट ठरवू नका, त्या जातीत तो चालतो का ते आधी पाहा.

होगार्डनही गव्हाची, पण तिचा गहू माल्ट न केलेला, वर धने आणि संत्र्याची साल. ही शैली जवळजवळ नामशेष झाली होती, पिएर सेलिसने १९६० च्या दशकात ती परत उभी केली. वाइहेनस्टेफानरशी तिची जोडी म्हणूनच छान लागते. धान्य एक, पण इकडे मसाला डब्यातला आणि तिकडे यीस्टचा.

चौकस

पण १५१६ च्या जर्मन शुद्धता कायद्यामुळे त्यांचीच बिअर शुद्ध ना?

तांब्याची_कढई

तो बव्हेरियाचा कायदा. जव, हॉप्स, पाणी, बस्स. यीस्टचा उल्लेखच नाही. त्यामागे बिअरचे भाव आणि पावाचा गहू-राय वाचवणं हेही होतं. त्या कायद्याच्या अक्षराप्रमाणे गव्हाची बिअर बसतच नाही, ती पुढे राजघराण्याच्या खास परवानगीने चालली. धने घातले म्हणून बेल्जियन बिअर अशुद्ध होत नाही.

द्राक्षबागाईतदार

वाइन चाखणाऱ्यांच्या सवयी इथे जशाच्या तशा लावू नका, नाशकात ही चूक फार होते. ग्लास गरागरा फिरवला की गॅस आणि फेस दोन्ही जातात. एकदाच हलका फिरवा. थुंकूही नका. गिळल्यावर घशातून नाकात जो वास चढतो आणि कडवटपणा जो रेंगाळतो, तो निम्मा विषय आहे.

बाटल्या आडव्या ठेवू नका, उभ्याच. बिअरच्या बुचाला ओलं ठेवायची गरज नसते आणि यीस्टचा गाळ तळाशी बसायला हवा. घरी वाइन चिलर असेल तर १२ अंशांवर शिमे त्यात ठेवा, बाकी सगळं साध्या फ्रीजमध्ये.

तापमान: आसाही ५, पिल्सनर ७, गव्हाच्या ८, गिनेस ६-७, शिमे १२ अंश. फ्रीज ४ वर असतो. एका ग्लासात स्वयंपाकाचा थर्मामीटर बुडवून बघा, अंदाजाने ठरवू नका. अतिथंड बिअरला वास नसतो, सहाही सारख्या लागतील.

घाईत गार करायची तर बादलीत बर्फ आणि पाणी निम्मं-निम्मं, वर मूठभर मीठ. नुसत्या बर्फात फटी राहतात, बाटलीला गारवा लागत नाही. बाटली मधूनमधून फिरवत राहा. फ्रीजरमध्ये विसरलेली बाटली उणे दोन-अडीच अंशांच्या पुढे गोठू लागते आणि फुटते. फुटली नाही तरी वितळल्यावर प्रथिनांचे पांढरे कण तरंगतात आणि फेस धड येत नाही.

फेसाळ

ओतण्याबद्दल, कारण चौघांत वाटताना इथेच घोळ होतो.

हेफेवाइसबिअर: यीस्ट तळाशी असतं. पहिल्याला निवळ आणि चौथ्याला सगळा गाळ मिळाला तर चौघं चार वेगळ्या बिअर पितात. उघडण्याआधी बाटली टेबलावर आडवी ठेवून सावकाश दोन-चार वेळा लोळवा, मग उघडा. निम्मी-निम्मी ओता, उरलेल्यात बाटली हलवा, मग उरलेली वाटा. होगार्डनलाही हेच.

शिमे: नेमकं उलट. आदल्या दिवशीपासून उभी ठेवा, एका दमात ओता, बाटली पुन्हा सरळ करू नका, खाली गाळ राहू द्या.

गिनेस: टिनमध्ये प्लास्टिकचा पोकळ चेंडू असतो. टिन उघडलं की दाब उतरतो आणि चेंडूतला नायट्रोजन बारीक भोकातून जोरात बाहेर येतो, त्याचा तो सायीसारखा फेस. टिन कोमट असेल तर सगळं टेबलावर, म्हणून किमान तीन तास फ्रीजमध्ये. थोडं-थोडं ओतलं तर फेस बिघडतो. पूर्ण टिन एका मोठ्या ग्लासात एकदम ओता, खाली काळं आणि वर पांढरं वेगळं होऊ द्या, मग वाटा. बाटलीतल्या गिनेस फॉरेन एक्स्ट्रा (७.५ टक्के) मध्ये हे नसतं, ती वेगळीच चीज आहे. श्रीलंकेच्या लायन स्टाउट या काळ्या बिअरशी जोडी लावायची तर ती घ्या, टिनवाली नको.

सिडको_वासी

चखण्याला काय? मिसळ?

द्राक्षबागाईतदार

चाखताना मिसळ नको, नंतर हवी तेवढी खा. तिखटाने कडवटपणा आणि अल्कोहोलची जळजळ दोन्ही वाढतात, पिल्सनर उगाच कडू ठरते. चिवड्याचं तेल ओठांवरून ग्लासात जातं आणि फेस बसतो. चाखेपर्यंत साधा पाव, बिनमिठाचे फुटाणे आणि पाणी.

नंतर काळ्या मसाल्याच्या रश्श्यासोबत हेफेवाइसबिअर काढा. तिच्यात कडवटपणा कमी आणि किंचित गोडी, तिखट सांभाळून घेते. भरीत-भाकरीला गिनेस, वांग्याच्या धुरकटपणाशी जमतं.

जवस_नव्हे_जव

क्रमाबद्दल @गंगापूररोडकर यांच्याशी असहमत. होगार्डनचे धने जिभेवर बसले की पुढची प्रत्येक लागर पाणचट वाटते. आसाही आणि उर्केल आधी उरकून घ्या, दहा मिनिटं थांबा, मग गव्हाच्या.

आणि 'मला डोळे मिटून ओळखता येते' म्हणणाऱ्यांसाठी: तीन ग्लास, दोनांत एकच बिअर, तिसऱ्यात दुसरी. ओतणारा वेगळा, चाखणारा पाठमोरा. वेगळा ग्लास कुठला ते सांगायचं. नुसत्या अंदाजाने तीनात एकदा बरोबर येतंच. सहापैकी पाच वेळा जमलं तर मानू, चार जमले तर तो नशिबाचाही भाग असू शकतो. रंग वेगळा असेल तर खोलीतला दिवा मंद करा किंवा ग्लासाला कागद गुंडाळा, नाहीतर जीभ नाही, डोळे पास होतात.

गंगापूररोडकर

क्रमाचं मान्य, लागर आधी. पण आसाहीच्या आधी उर्केल नको, तिचा कडवटपणा पुढच्याला खातो.

चौकस

शिमेची ७५० ची बाटली आणली आणि चौघांना ८०-८० दिल्यावर निम्म्याहून जास्त उरली तर?

द्राक्षबागाईतदार

शॅम्पेनचा स्टॉपर लावून फ्रीजमध्ये उभी ठेवा, दुसऱ्या दिवशीपर्यंत चालते. स्पार्कलिंग वाइनसाठीचे मिळतात तेच, बाटलीच्या गळ्याला कडी धरणारे. साधं बूच दाबून लावलं तर गॅसने उडतं. स्टॉपर नसेल तर ३३० चीच आणा.